बिनक्लचची गाडी

माझा डावा पाय मी तीन वर्षांची असताना गेला. ताप आला, उतरला, आणि उतरल्यावर आईने मला उभं करायला घेतलं तर पाय कापडाच्या बाहुलीसारखा दुमडला. माझे वडील डॉक्टर होते. ठाण्यात आमच्या घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता. त्यांनी मला मुंबईतल्या मोठमोठ्या डॉक्टरांकडे नेलं. पाय काही परत आला नाही. पुढे दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या असलेला बूट आला, काखेतली काठी आली, आणि दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या तोंडी माझ्यासाठी एक शब्द आला, 'बिचारी'. हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की काही दिवस मला ते माझं दुसरं नावच वाटायचं. कळायला लागल्यावर मी त्याला ओ देणं बंद केलं.

मी बी.एस्सी. झाले. गणित माझा विषय. कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत गणिताला बाई हव्या होत्या आणि त्यांनी मला घ्यायची तयारीही दाखवली होती. पण स्टेशनचे जिने, फलाट आणि मिनिटभरात चढायची-उतरायची घाई माझ्या बुटाला झेपणारी नव्हती. बाबांनी शाळेला नम्रपणे नकार कळवायचं ठरवलं. मी म्हटलं, "अजून कळवू नका." काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. फक्त नकार माझ्या बाजूने जायला नको होता.

त्याच सुमाराला आमच्याकडे ती मोटार आली. ठाण्याजवळच्या एका कारखान्यातला परदेशी साहेब मायदेशी परत चालला होता. बाबांनी त्याच्या मुलांची आजारपणं काढलेली, त्यामुळे जाताना त्याने आपली गाडी बाबांनाच घ्यायला लावली. लांबलचक, गडद हिरव्या रंगाची अमेरिकन गाडी. तिच्यात क्लच नव्हता. स्टिअरिंगपाशी एक छोटा दांडा होता, तो एकदा खाली ओढला की पुढचे गिअर गाडी आपले आपण बदलायची. पायाशी दोनच गोष्टी, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, आणि दोन्ही उजव्या पायाच्या.

बाबांचं तिच्याशी कधी जमलं नाही. आयुष्यभर साध्या गाड्या चालवलेल्या, त्यामुळे वळण आलं की त्यांचा डावा पाय क्लच शोधत जमिनीवर आपटायचा. कधी तो रुंद ब्रेकवर पडायचा आणि आम्ही सगळे पुढे आदळायचो. एकदा कोपरीच्या मिठागरांकडे जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर असंच झालं. बाबांनी गाडी थांबवली, काही वेळ आपल्या डाव्या पायाकडे बघत बसले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू ये इकडे."

"मी?"

"या गाडीला डावा पाय लागतच नाही. असला तर नडतो. ये."

मागच्या सीटवर आई होती. तिने पुढे वाकून मला काठी दिली. मी फिरून चालकाच्या जागेवर बसले, बुटाचा पाय उचलून बाजूला ठेवला आणि दांडा खाली ओढला. गाडी हलली. आजवर मला कुठेही जायचं म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी वेग धरावा लागे, आणि तो माझ्यासाठी कमी केला जाई. त्या दुपारी मिठागरांच्या कडेने वेग माझ्या पायाखाली होता.

परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने बूट पाहिला आणि क्लच कसा दाबणार म्हणून विचारलं. मी त्याला क्लच दाखवायला सांगितलं. तो वाकला, खाली शोधू लागला, आणि हसत वर आला. मग त्याने मला बाजारातून, टांग्यांच्या गर्दीतून गाडी न्यायला लावली, पुन्हा मागे घ्यायला लावली, आणि सही केली. जूनपासून मी कल्याणच्या शाळेत रुजू झाले. खाडीवरचा कळव्याचा पूल, मुंब्र्याच्या डोंगराखालचा, जाता-येता दोन्हीकडून लागणारा चढ, मग शीळफाट्याला डावीकडे वळून कल्याण. रस्त्यात लोक थांबून बघायचे. बघू दे म्हटलं. बघण्यात 'बिचारी' म्हणायची त्यांना आठवण राहत नव्हती.

दोन वर्षं सुखाची गेली. मग गाडी बिघडायला लागली.

सुरुवात बारीक होती. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना इंजिन क्षणभर मोकळं सुटल्यासारखं ओरडायचं आणि मग गाडी हिसका देऊन पुढे जायची. चालताना चपलेचा अंगठा तुटावा आणि पाऊल पुढे जाऊन चप्पल मागे राहावी, तसं काहीसं. मी ते मनावर घेतलं नाही. पावसाळा संपल्यावर ते वाढलं. आणि एका संध्याकाळी शाळेतून परतताना, मुंब्र्याच्या चढावर, इंजिन ओरडायला लागलं ते थांबेचना. आवाज वाढतोय आणि गाडी मंदावतेय. मागे दगडांनी भरलेली लॉरी होती. तिचा भोंगा एकसारखा वाजत होता, आरशात तिचं नाक मोठं होत चाललं होतं. मी घाबरून पाय पूर्ण दाबला, तशी गाडीने एक जोरदार हिसका दिला, पकड घेतली आणि चढ चढून गेली.

घरी येऊन मी बाबांना जसं घडलं तसं सांगितलं. लपवावं असं वाटलं नाही, कारण त्या रस्त्यावर माझ्याबरोबर दुसऱ्यांच्याही जिवाचा प्रश्न होता. बाबांनी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला.

"उद्यापासून गाडी बंद," ते म्हणाले.

शाळेत रजेचा अर्ज गेला. बाबांनी मुंबईच्या एका मोठ्या गॅरेजच्या इंजिनिअरला बोलावणं पाठवलं. ते गृहस्थ पांढरी पँट घालून आले. त्यांनी झाकण उघडून तेलाची कांडी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली आणि तेल भरपूर आहे म्हणाले. मग त्यांनी गाडी स्टेशनपर्यंत नेऊन आणली. खाली उतरून त्यांनी बाबांना सांगितलं, "डॉक्टरसाहेब, आतल्या पट्ट्या गेल्या. गिअर पकडायचं काम त्या करतात. नवीन पट्ट्या बोटीने येणार, त्या कधी येतील सांगता येत नाही. माझं ऐकाल तर हा डबाच काढून टाका. आमच्याकडे साधा गिअरबॉक्स बसवून देतो, क्लचसकट. कुठलाही ड्रायव्हर चालवील."

मी दारात उभी होते. मी विचारलं, "चढावर नेऊन पाहिलीत का? ती कुठल्या वेगाला सुटते ते बघितलंत?"

ते बाबांकडे बघून हसले. "मुलगी हुशार आहे," ते बाबांना म्हणाले, आणि गिअरबॉक्स कधी मिळेल ते सांगायला लागले.

बाबांनी होकार दिला. माझ्यासमोर दिला आणि माझ्याकडे न बघता दिला.

इंजिनिअर गेल्यावर मी दवाखान्यात शिरले. शेवटचा रोगी नुकताच उठला होता.

"क्लच बसवला तर मी ती गाडी चालवू शकणार नाही," मी म्हटलं.

"ठाऊक आहे मला. आपण ड्रायव्हर ठेवू. तो तुला रोज नेईल, आणील."

"ड्रायव्हर आजारी पडला की मी घरी. त्याला गावाला जायचं झालं की मी घरी. तुम्हाला व्हिजिटला गाडी लागली की मी घरी. वर्षभरात शाळा म्हणेल, बाई, तुमचं जमत नाही."

"अगं, त्या लॉरीखाली गेली असतीस तू."

"गेले नाही."

"मी तुझा बाप आहे, वैरी नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. "एकदा तुला वाचवता आलं नाही मला. पायाच्या वेळी. पुन्हा तसं काही बघायची माझी तयारी नाही."

हे ते पहिल्यांदा बोलले होते. पण गप्प बसले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता, आणि मिटलेला मला नको होता.

"बाबा, तुम्ही रोग्याला नीट तपासल्याशिवाय त्याचा पाय कापायला सांगाल का?"

"माणूस वेगळा, यंत्र वेगळं."

"मग तर तपासणं सोपं. तुमचा तो इंजिनिअर स्टेशनपर्यंत गेला आणि आला. चढ नाही, घाट नाही. कुठे दुखतं, केव्हा दुखतं, काही विचारलं नाही. तुम्ही असं केलं असतंत तर दवाखाना चालला असता का?"

बाबांनी स्टेथोस्कोप उचलून खुंटीला लावला. मग म्हणाले, "त्यांचा गिअरबॉक्स येईपर्यंत काय तपासायचं ते तपास. पण एकटीने गाडी काढायची नाही."

आई दाराआड होती. ती पदराला हात पुसत पुढे आली आणि म्हणाली, "मी बसेन तिच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबा जेवून पडले तेव्हा आम्ही निघालो. आईला वेगाचा काटा वाचायला सांगायचा माझा बेत होता, पण तिला इंग्रजी आकडे येत नव्हते. "घड्याळासारखंच आहे ना हे?" तिने त्या गोल तबकडीकडे बघून विचारलं. "मग मी घड्याळासारखं सांगते." गिअर बदलल्याचं मला जाणवलं की मी "आता" म्हणायचं आणि आईने काटा कुठे आहे ते सांगायचं. आम्ही कोपरीच्या सरळ रस्त्यावर खेपा घालत राहिलो. मी म्हणायचे, "आता." आई म्हणायची, "आठाच्या जरा वर." पुन्हा "आता." "दहा." मिठागरावरची माणसं डोक्यावरची पाटी सावरून बघत राहायची. नऊवारीतल्या एक बाई मोटारीत बसून वेळ सांगताहेत आणि गाडी तीच तीच फेरी मारतेय.

चार दुपारी असं केल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली. पाय हलका ठेवला की गाडी घाईघाईने वरचे गिअर घ्यायची, अजून वेग आलेला नसतानाच, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना सुटायची. पाय अर्धा दाबला तरी तेच. पण पूर्ण तळापर्यंत दाबला की मात्र ती गिअर धरून ठेवायची, काटा पार बाराच्या पुढे गेल्यावर बदलायची, आणि तेव्हा सुटायची नाही. मला मुंब्र्याचा चढ आठवला. तिथेही पाय पूर्ण दाबल्यावरच तिने पकड घेतली होती. इंजिन थंड असो की तापलेलं, फरक नव्हता.

गणित शिकवणाऱ्या माणसाला जे जुळत नाही ते टोचत राहतं. पट्ट्या झिजल्या असत्या तर जास्त जोर पडल्यावर त्या जास्त सुटायला हव्या होत्या. इथे जोर पडल्यावर त्या धरत होत्या. म्हणजे पट्ट्यांत दम होता. त्यांना आवळणारं जे काही होतं ते हलक्या पायाला कमी पडत होतं. आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग तो माणूस पट्ट्या गेल्या म्हणाला ते?"

"न बघता म्हणाला."

"मग तुझ्या वडिलांना सांग."

"अजून नाही. कारण कळलं नाहीये."

कोपरीत एका मेस्त्रीची शेड होती. मीठ आणि दगड वाहणाऱ्या लॉऱ्या तो दुरुस्त करायचा. तिथलाच आगरी माणूस, बोलायला मोजका. मी गाडी त्याच्या दारात उभी केली आणि काय काय बघितलं ते सांगितलं. त्याने खाली वाकून गिअरबॉक्सकडे पाहिलं आणि मान हलवली.

"बाय, मना या डब्याचा काय ठाव नाय. कवा खोललाच नाय असला."

"मलाही ठाऊक नाही. पण खोलायचा नाहीये. बाहेरून काय दिसतं ते बघायचंय."

"बगू मग," तो म्हणाला. एवढं बोलून त्याने हातातला पाना खाली ठेवला. माझ्या बुटाकडे त्याने एकदाच पाहिलं होतं, सळ्यांना जोड कुठे दिलाय ते बघावं तसं. नंतर पाहिलं नाही.

आधी आम्ही तेल बघितलं. त्याची कांडी पुढच्या गालिच्याखाली, जमिनीतल्या एका झाकणाआड होती. इंजिन बंद असताना कांडीवर तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. इंजिनिअरने हेच बघितलं होतं. पण मला वाटलं, हे तेल इंजिन चालू असताना काम करतं, मग बंद असताना बघून काय कळणार? मी इंजिन चालू केलं, गाडी चांगली तापू दिली, गिअर मोकळा ठेवला आणि तसंच चालू ठेवून कांडी काढायला लावली. मेस्त्रीने कांडी उन्हात धरली. तेल खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला चिकटलेलं होतं. चालू असताना तेल आतल्या यंत्रात खेचलं जायचं, बंद केलं की खाली उतरून यायचं आणि भरपूर वाटायचं. मी ते बोटावर घेऊन हुंगलं. जळकट वास नव्हता, म्हणजे पट्ट्या घासून जळत नव्हत्या.

साहेबाने डिकीत त्या खास तेलाचे डबे ठेवले होते, सील न फोडलेले. आम्ही खूण येईपर्यंत तेल घातलं. रस्त्यावर नेली तर गाडी पुष्कळ शांत झाली होती. मेस्त्री खूश झाला. "झाला ना बाय," तो म्हणाला. आईने शेडमधल्या सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मीही खूश होते. म्हणून त्याच दुपारी मुंब्र्याला गेलो, आणि चढावर ती पुन्हा सुटली. आधीपेक्षा कमी, पण सुटली. मी गाडी कडेला घेतली. आईने पाण्याची बाटली पुढे केली. खाली खाडी दिसत होती. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही राग आला. घरी पोचलो तेव्हा बाबा ओट्यावर उभे होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आत गेले. त्यांनी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जेवताना ते म्हणाले, "गिअरबॉक्स आलाय. सोमवारी गाडी न्यायला येतील."

मधे दोनच दिवस होते. शनिवारी सकाळीच मी आईला घेऊन मेस्त्रीकडे गेले. रात्री मी एकच विचार करत पडले होते. गिअरबॉक्सला माझा पाय किती दाबलाय हे कसं कळतं? इंजिनला कळतं, कारण पायाखालच्या पेडलपासून त्याच्याकडे एक रॉड जातो. मग गिअरबॉक्सकडेही काहीतरी जात असलंच पाहिजे, नाहीतर हलक्या आणि जड पायाला ती निराळी का वागते?

"मी गाडीखाली जाते," मी मेस्त्रीला सांगितलं.

"तुमी कशाला? मी जातो की."

"तुम्ही जाऊन मला काय सांगाल? काय शोधायचंय ते मलाच नीट सांगता येत नाहीये."

त्याने गाडी वर उचलून चारी बाजूंना लाकडाचे ठोकळे लावले आणि खाली गोणपाट अंथरलं. मी काठी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि सरकत आत गेले. उभं राहताना, बसताना, चढताना माझं शरीर मला अडवायचं. आडवं पडल्यावर माझे दोन्ही पाय सारखेच होते. मेस्त्री माझ्या शेजारी सरकला. चालकाच्या जागेवर आई बसली.

"दाब," मी खालून ओरडले.

"कुठलं?"

"उजवीकडचं. हळूहळू. मी थांब म्हणेन तिथे थांब."

इंजिन बंद होतं. आईने दाबायला सुरुवात केली. पेडलपासून निघालेला रॉड इंजिनकडे सरकताना मला दिसला. त्याच जोडावरून दुसरा एक रॉड मागे, गिअरबॉक्सच्या बाजूच्या छोट्या दांड्याकडे गेला होता. तो दांडा हललाच नाही. "आणखी," मी म्हटलं. पेडल अर्ध्यावर आलं असेल. दांडा जागेवरच. "आणखी." मग एकदम खट्ट आवाज झाला आणि दांडा सरकायला लागला.

"परत," मी म्हटलं. "सोड आणि परत दाब."

चार वेळा तेच झालं. मेस्त्रीने हात घालून जोड चाचपला. दांड्याचं भोक घासून लांबट झालं होतं आणि त्यात मूळच्या पिनेऐवजी कुणीतरी एक बारीक तार वळवून घातली होती. पायाचा पहिला अर्धा निरोप त्या ढिलाईतच जिरून जात होता. इंजिन जोरात चालायला लागायचं आणि गिअरबॉक्स मात्र समजायचा की पाय अजून हलकाच आहे, म्हणून घाईने गिअर बदलायचा आणि पट्ट्या ढिल्या आवळायचा. पूर्ण दाबल्यावर ढिलाई संपायची, मग सगळं नीट. तेल कमी होतं त्यामुळे दुखणं आणखी बळावलं होतं.

मी खालीच पडून हसायला लागले. आई वरून घाबरून विचारत होती, काय झालं म्हणून.

मेस्त्रीने भोक मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे एक छोटी नळी, ठोकला आणि लेथवर नवी पिन काढली. ढिलाई गेली. पण रॉडची लांबी किती ठेवायची ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. एकदा लांब ठेवला तर गाडी गिअर बदलायलाच तयार होईना, आणि बदलला की पाठीत गुद्दा घातल्यासारखा धक्का. आखूड केला तर पुन्हा सुटायला लागली. रविवार त्यातच गेला. अंधार पडला तेव्हा ती सुटत नव्हती, पण धक्का अजून होता.

सोमवारी सकाळी इंजिनिअर एका ड्रायव्हरला घेऊन आले. मी गाडीत बसून होते. ड्रायव्हरने खिडकीशी येऊन चावी मागितली.

"चावी माझ्याकडे आहे आणि ती मी देणार नाही," मी म्हटलं.

तो इंजिनिअरकडे बघायला लागला. इंजिनिअर पुढे आले. "हे पाहा, डॉक्टरसाहेबांशी ठरलंय आमचं."

"चालवणार मी आहे. माझ्याशी ठरलेलं नाही. पट्ट्या गेलेल्या नाहीत. तुम्ही तेल इंजिन बंद ठेवून पाहिलंत. आणि रॉडची पिन पाहिलीच नाहीत."

दवाखान्यात बसलेले रोगी ओट्यावर येऊन उभे राहिले होते. बाबा बाहेर आले. मला वाटलं, आता हुकूम होणार. मी दरवाजा आतून घट्ट धरला होता. दुसऱ्या बाजूने आई आली, दार उघडून मागे बसली आणि पदर नीट करत बाबांना म्हणाली, "तुम्हीही बसा. एकदा बघा तरी."

बाबांनी इंजिनिअरला थांबायला सांगितलं आणि माझ्या शेजारी बसले. कळव्याचा पूल ओलांडला. मुंब्र्याच्या चढाला लागलो. मी पाय मुद्दाम अर्ध्यावर ठेवला, जिथे ती नेहमी सुटायची. दुसरा गिअर. मग एक धक्का, आणि तिसरा. इंजिन ओरडलं नाही. गाडी चढत राहिली.

"धक्का बसतो," बाबा म्हणाले.

"बसतो. रॉड थोडा आणखी आखूड करायचाय. पण सुटली का?"

"नाही."

"परत नेऊ?"

"ने."

तो चढ आम्ही तीनदा चढलो. तिसऱ्या वेळी वर आल्यावर बाबांनी गाडी थांबवायला सांगितली, उतरून बॉनेट उघडायला लावलं आणि पिन कुठे होती ते विचारलं. वरून दिसत नव्हती. मी समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, एखाद्या बरोबरीच्या डॉक्टरचं ऐकावं तसं. मग म्हणाले, "हे मी आधी विचारायला हवं होतं तुला." मी बॉनेट बंद केलं. 'असू दे' म्हणून मला त्यांना मोकळं करायचं नव्हतं, निदान त्या दिवशी तरी.

इंजिनिअरना त्यांनी स्वतः निरोप दिला. जाताना ते गृहस्थ म्हणाले, "महिन्याभरात पुन्हा बोलवाल." बाबा म्हणाले, "बोलावलं तर मुलगी बोलावील. तिच्याशी बोला."

पुढच्या काही दिवसांत मेस्त्रीने आणि मी रॉड कमी-जास्त करत तो धक्काही घालवला. मी पुन्हा शाळेत जायला लागले. माझ्या वर्गातल्या मुलींनी कुठे होतात म्हणून विचारलं, तेव्हा मी त्यांना फळ्यावर पेडल, रॉड आणि दांडा काढून दाखवला, आणि त्या तासाला समीकरणं झाली नाहीत. मुख्याध्यापिकांनी नंतर मला त्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, गणितच शिकवत होते.

गाडी आणखी पाच-सहा वर्षं चालली. शीळच्या बाजूच्या गावांत बाबांची व्हिजिट असली आणि मला सुट्टी असली की मीच त्यांना न्यायची. शेवटी त्या पट्ट्या खरंच झिजल्या. तेव्हा तेल काळं झालं होतं, जळका वास येत होता, आणि पाय पूर्ण दाबल्यावर ती सगळ्यांत जास्त सुटायची. हे सगळ्यांत आधी मीच सांगितलं. तोवर बाहेरच्या मालावर इतके निर्बंध आले होते की पट्ट्या मिळायची आशा नव्हती. बाबा पुन्हा साधा गिअरबॉक्स बसवून ड्रायव्हर ठेवायचं म्हणाले, या वेळी जरा भीत भीत.

त्याऐवजी मी कल्याणला शाळेच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली घेतली. एकट्या मुलीने, त्यातून अशा, परक्या गावात राहायचं म्हणजे काय, यावर नातेवाइकांत बरंच बोलणं झालं. बाबांनी एकदाच विचारलं, "नक्की?" मी हो म्हटलं. सामान लावायला आई आली होती. तिने चूल मांडली, पाण्याचा माठ भरला, खोलीच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत स्वतः एकदा चालून पाहिलं आणि वाटेत पायरी एकही नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी काठी घेऊन माझ्या माझ्या चालीने शाळेत गेले. पहिला तास दहावीचा होता.